गुन्हा कबूल आहे?

परवा भाऊबीजेला ताईकडे जेवायला होतो. पंगतीत आमच्या लांबच्या नात्यातले एक काका होते. बोलता बोलता त्यांनी विषय काढला. पोरावर केस झालीय. शेजारच्या दुकानदाराशी पार्किंगवरून बाचाबाची झाली, हात उचलला गेला, समोरच्याच्या ओठाला दोन टाके पडले, आणि आता तारखा सुरू झाल्यात. काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पंगतीतून सल्ला आलाच.

"अहो, कबूल करून टाकायचं. दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. कोर्टाचे खेटे कोण घालत बसणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भाचा शेंगाचटणी वाढत होता. त्याचा हात एक क्षण थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पुढच्या पानाकडे गेला. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. म्हणून आता लिहितोय. नातेवाईक मंडळी हे वाचतात, हे माहीत असूनही... किंबहुना म्हणूनच.

तर झालं असं होतं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस. मंडपामागे रात्री पोरं पत्ते कुटत बसली होती. पैसे लावून, हे खरं. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो खेळत नव्हता. आरतीनंतर मित्राची वाट बघत, पलीकडे उभा राहून डाव बघत होता. पोलीस आले, पळता आलं त्यांनी पळ काढला. भाचा पळाला नाही, कारण आपण काही केलेलंच नाही अशी त्याची समजूत. डाव मांडलेले चौघे आणि हा पाचवा, सगळ्यांवर एकच केस. सार्वजनिक जागी जुगार. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ चा, कलम १२.

ताई रडकुंडीला आलेली. भाऊजी गावाला. मग मामाने पुढाकार घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. घेतला. कोर्टाच्या आवारात ओळखीतून एक वकील भेटले. त्यांनी कागदाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, काही शे रुपयांत आजच मिटतंय, कशाला लांबवता? मी भाच्याला बाजूला घेतलं. "कबूल म्हण आणि मोकळा हो." तो म्हणाला, "मामा, पण मी खेळत नव्हतो." मी म्हणालो, "ते कोर्टाला काय करायचंय? हो म्हण, विषय संपव."

पुकारा झाला. गुन्हा कबूल आहे का? भाच्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो."

दोन मिनिटं लागली असतील. दंड भरला, पावती घेतली, येताना पार्क चौकात भेळ खाल्ली. मी स्वतःवर खूश होतो!

तीन वर्षांनी भाचा एका दलाच्या भरतीत उतरला. धावण्यात पहिल्या दहात. लेखी पास. मेडिकल पास. पेढे वाटून झाले. मग पडताळणीचा फॉर्म आला. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला चालला आहे का, न्यायालयाने कधी दंड किंवा शिक्षा केली आहे का? त्याने तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं. त्याच्या डोक्यात ती 'केस' नव्हतीच. ती मामाने मिटवलेली भानगड होती. दंड भरला म्हणजे शिक्षा झाली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं?

पोलीस पडताळणीत ते निघालं. माहिती दडवली म्हणून नेमणूक रद्द.

आता वकिली शहाणपणाचं बोलतो. हे सगळं मी नंतर वाचून, विचारून, ठेचकाळून शिकलेलं आहे. मी वकील नाही, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या केससाठी वकिलालाच विचारावं. पण काय विचारायचं, एवढं तरी माहीत हवं ना?

पहिली गोष्ट. 'कबूल' हा शब्द आपल्याकडे तडजोडीचा वाटतो. लग्नाच्या बैठकीत कबूल, जमिनीच्या व्यवहारात कबूल. कोर्टात तसं नाही. कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणजे सरकारने एकही साक्षीदार उभा न करता तुम्हाला दोषी ठरवायला दिलेली सही. दंड दहा रुपये असो की दहा हजार, तुम्ही त्या क्षणापासून दोषसिद्ध. पावतीवर 'भानगड मिटली' असं काही छापलेलं नसतं.

गंमत बघा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून आपल्याविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होतं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. दंडाधिकाऱ्यासमोर तपासाच्या वेळी कबुली द्यायची तर त्यांनी आधी बजावावं लागतं, की बाबा, तुझ्यावर बंधन नाही, आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. इतकी काळजी! आणि आम्ही काय करतो? तो सगळा बंदोबस्त ओलांडून, व्हरांड्यात पाच मिनिटांत ठरवून, भर कोर्टात तोच शब्द स्वतःहून देऊन मोकळे होतो.

दुसरी गोष्ट. आरोप नेमका काय, हे वाचलं का? आम्ही वाचलं नव्हतं. सार्वजनिक रस्त्यावरच्या जुगाराचं ते कलम पैसे लावून *खेळताना* सापडलेल्या माणसासाठी आहे. बघत उभं राहणाऱ्यासाठी नाही. जुगाराच्या अड्ड्याची गोष्ट वेगळी. तिथे नुसतं हजर सापडलात तरी तुम्ही खेळायलाच आला होतात असं कायदा धरून चालतो, आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणजे तीच रात्र, तेच पत्ते, तोच पोरगा, पण कलम बदललं की उत्तर बदलतं. कागदांची प्रत आरोपीला फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. ती हातात घेऊन एक ओळ वाचली असती तरी माझ्या तोंडून 'हो म्हण' निघालं नसतं.

इथे आमच्या सोलापूरचं एक वेगळंच दुखणं आहे. गावात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा नांदतात. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या कित्येक बायकांचा सगळा संसार तेलुगूत होतो. कोर्टाचं कामकाज मराठीत, कागदात इंग्रजी. आरोप आरोपीला *समजावून* सांगायचा, असं कायदा म्हणतो. वाचून दाखवणं आणि समजावणं यात फरक आहे. 'कबूल है क्या?' याला मान हलवून दिलेलं उत्तर कबुली आहे की भीती, हे कोण ठरवणार? साध्या खटल्यात आरोपीचा जबाब शक्य तितका त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा, असंही कायद्यात आहे, आणि कबुली दिली म्हणून दोषी ठरवलंच पाहिजे असं न्यायाधीशांवर बंधन नाही. त्यामुळे समजलं नसेल तर 'समजलं नाही' म्हणायला लाजू नका. दुभाषा मागा. सरकारी कचेरीत गप्प राहणं म्हणजे अदब, असं आपल्याला शिकवलंय. या एका जागी ती अदब महागात पडते.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. एकदा गुन्हा कबूल केला की दोषी ठरवल्याबद्दल अपील जवळजवळ बंद होतं. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यापुरतीच दाद मागता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होतं, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१६ आहे. लोक म्हणतात, "आत्ता कबूल करू, पुढे बघू." पुढे बघायचं दार तुम्हीच लावून घेतलंत, मग बघणार कुठून? आता तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतं, सोलापूरकराला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. पण जवळ आलेल्या कोर्टाचा उपयोग कोणाला? ज्याने दाद मागायला काही शिल्लक ठेवलंय त्याला.

बरं, कबूल केलं म्हणजे निदान शिक्षा तरी कमी होईलच, याची हमी आहे का? या बाबतीत आपल्याच राज्यातला एक खटला प्रसिद्ध आहे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९७६. खुरासणी तेलात, म्हणजे आपल्या कारळ्याच्या तेलात, शेंगदाण्याचं तेल मिसळल्याचा आरोप. सोलापूरकराला दोन्ही तेलं घरची! व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, खालच्या कोर्टाने थोडक्यात सोडलं. पण भेसळीच्या कायद्यात किमान सहा महिन्यांची कैद होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा वाढून सहा महिने झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात अशा पडद्याआडच्या सौद्यांवर कडक ताशेरे ओढले. त्यांचा राग रास्त होता. असे सौदे पैसेवाल्यांना स्वस्तात सोडतात आणि फसगत समाजाची होते. पण आरोपीच्या बाजूने पाहा. कबुली देऊन झाली होती, ती परत घेता येत नव्हती, आणि बदल्यात मिळालेली सवलत मात्र काढून घेतली गेली.

पुढे १९८२-८३ च्या सुमारास शेजारच्या कर्नाटकातलं थिप्पस्वामी प्रकरण आलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप, कबुली, दंडावर सुटका, आणि मग उच्च न्यायालयाने दिलेली कैद. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हलक्या शिक्षेच्या आशेवर माणसाकडून कबुली घ्यायची आणि नंतर वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवायची, हे घटनेच्या २१ व्या कलमाविरुद्ध आहे. असं वाटत असेल तर त्याला पुन्हा खटला लढवू द्या. चांगला निकाल. पण त्या निकालापर्यंत पोचायला थिप्पस्वामीला दिल्ली गाठावी लागली. व्हरांड्यात "मिटतंय" म्हणणारा कोणी दिल्लीपर्यंत आपल्याबरोबर येत नाही.

मग कबूल करणं नेहमीच चूक का? नाही. मी तसं म्हणत नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला. सहा वर्षं. त्याआधी १९०८ साली मुंबईत लोकमान्यांनी त्याच राजद्रोहाच्या कलमाखाली आरोप नाकारला, स्वतः दिवसेंदिवस बाजू मांडली. त्यांनाही सहा वर्षं. अहमदाबादच्या न्यायाधीशांनी शिक्षा देताना टिळकांच्या खटल्याचाच दाखला दिला. एकाने हो म्हटलं, एकाने नाही. दोन्ही उत्तरं ताठ मानेची, कारण एक बॅरिस्टर आणि दुसरा कायद्याचा पदवीधर. आपण काय म्हणतोय आणि त्याची किंमत काय, हे दोघांना पुरेपूर ठाऊक होतं. माझ्या भाच्याने 'हो' म्हटलं तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की मामाला घाई आहे.

आणि कबुली आली म्हणून कोर्टाने लगेच खटला गुंडाळावा असंही नाही. २० जुलै २००९ रोजी कसाबने खटला चालू असताना अचानक गुन्हा कबूल केला, तेव्हा सगळ्या देशाला वाटलं, संपलं. न्यायाधीश ताहिलयानी यांनी ती कबुली नोंदवून घेतली आणि खटला पुढे चालू ठेवला, कारण ती सगळे आरोप पुरते मान्य करणारी नव्हती. निकाल लागला मे २०१० मध्ये, साक्षीपुरावा पूर्ण करून. देशावर हल्ला करणाऱ्याची कबुली इतक्या बारकाईने तपासली जाते. मग पत्त्यांचा डाव बघणाऱ्या पोराच्या कबुलीकडे, निदान त्याच्या घरच्यांनी तरी, घटकाभर थांबून पाहायला काय हरकत होती?

चौथी गोष्ट, परिणाम. नोकरीचं मी सांगितलंच. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली ठरवलं, की उमेदवाराने माहिती खरीच द्यायला हवी. मात्र कोवळ्या वयातली किरकोळ बाब असेल तर नेमणूक करणाऱ्याने ती पदरात घालायला हरकत नाही. 'हरकत नाही' म्हणजे हक्क नाही, हे लक्षात घ्या. पासपोर्टचं घ्या. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर पुढची पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. तडीपारीचं घ्या, आमच्या गावच्या पेपरात हा शब्द पंचांगातल्या तिथीसारखा नेमाने येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५७ व्या कलमात आधी शिक्षा झालेल्यांना हद्दपार करायची सोय आहे, दोन वर्षांपर्यंत. आणि पुन्हा कधी काही आळ आला, तर पहिली शिक्षा कागदावर आधीच बसलेली असते, तुमची वाट बघत.

हे लिहिताना मला सेटलमेंट आठवते. सोलापुराबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल, आमच्याकडे 'सेटलमेंट फ्री कॉलनी' नावाच्या वस्त्या आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, रोजची हजेरी लावली. त्यांना कोणी 'गुन्हा कबूल आहे का' असं विचारलंच नाही. जन्म हीच कबुली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून त्या कॉलनीच्या नावात 'फ्री'. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि सराईत ठरण्यासाठी काय लागतं? वारंवार झालेली शिक्षा. तुरुंगातल्या जातवार वागणुकीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात रद्द केले ते थेट ३ ऑक्टोबर २०२४ ला!

आता विचार करा. ज्या वस्तीतल्या पोराला संशयावरून आधी उचलतात, ज्याला जामीनदार मिळत नाही, तो आत तीन महिने काढतो आणि मग त्याला कोणी सांगतं, "कबूल कर, भोगलेली कैद हीच शिक्षा धरतील, आज संध्याकाळी घरी." तो काय करील? मी असतो तर मीही हो म्हटलं असतं. पण त्या 'हो'ने तो घरी येतो आणि कागदावर सराईत होण्याच्या वाटेला लागतो. जन्माने लावलेला शिक्का कायद्याने पुसला, आणि तोच शिक्का आता त्याच्या स्वतःच्या सहीने बसतो. म्हणून मला "कबूल करून मोकळं व्हा" या सल्ल्याची चीड येते. हा सल्ला देणारा मोकळा होतो. घेणारा नाही.

"मग काय वर्षानुवर्षं खेटे घालायचे?" काकांचा हा प्रश्न खोटा नाही. विडीवर, मागावर, रोजावर जगणाऱ्याची एक तारीख म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. न्याय इतका सावकाश चालतो की निर्दोष माणसालाही दंड स्वस्त वाटतो, ही या व्यवस्थेचीच लाज आहे. पण खेटे आणि कबुली यांच्या मधल्या वाटा आपण बघतच नाही.

एक, तडजोड. साधी दुखापत, शिवीगाळ, अशा कित्येक गुन्ह्यांत फिर्यादीशी समेट करता येतो, कोर्टात किंवा लोक अदालतीत. रीतसर समेटाचा परिणाम निर्दोष सुटका असा असतो. दोषसिद्धी नाही! काकांच्या पोराची केस नेमकी इथे बसते. शेजाऱ्याच्या घरी जाऊन हात जोडले, टाक्यांचा खर्च दिला, तर जे काम होईल ते 'कबूल' म्हणून दंड भरण्याने होणार नाही.

दोन, हजेरीतून सूट. प्रत्येक तारखेला आरोपीने स्वतः आलंच पाहिजे असं नाही. वकिलामार्फत अर्ज देता येतो, कोर्टाला कारण पटलं तर सूट मिळते.

तीन, वकील. ऐपत नाही म्हणून कबूल करू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीत असलेला माणूस, औद्योगिक कामगार, अपंग, कमी उत्पन्नाचे, या सगळ्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० हा फोन नंबर लिहून ठेवा.

चार, आत अडकलेल्यासाठी. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर नव्या संहितेत त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरी नाही. सुटण्यासाठी 'हो' म्हणण्याआधी हे विचारा.

आणि पाच, गुन्हा खरोखर केला असेल, मनापासून कबूल करायचा असेल, तर तोही नीट करा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ५ जुलै २००६ पासून कायदेशीर वाटाघाटीची सोय आहे. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे सोडून. नव्या संहितेत त्यासाठी दोषारोप ठरल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षा बरीच खाली येऊ शकते. न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारून खात्री करतात, की तो स्वखुशीने आलाय. त्या निकालावर नेहमीचं अपील नाही, हेही ध्यानात ठेवा. शिवाय १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर दोषसिद्धीमुळे लागणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही. पण हा फायदा मागावा लागतो. दंडाची पावती घेऊन भेळ खायला पळालेल्यांना तो कोण देणार?

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड. आमच्या आईचं म्हणणं, कोर्टात खोटं बोलू नये. खरंच आहे. म्हणूनच लोकांना वाटतं, थोडंफार काही झालं असेल तर 'कबूल नाही' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. तसं नाही. 'कबूल नाही' याचा अर्थ 'तुमचं म्हणणं सिद्ध करा' एवढाच. ते सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर आहे, आणि ते त्यांना उचलू देण्यात काही पाप नाही. पाप उलट बाजूला आहे. त्या दिवशी भाच्याने न केलेला गुन्हा केला म्हणून सांगितलं. भर कोर्टात आमच्या घरातलं कोणी खोटं बोललं असेल तर ते तेवढंच, आणि ते मी बोलायला लावलं. तीन वर्षांनी फॉर्मवर 'नाही' लिहिणारा पोरगा एका अर्थी खरं बोलत होता. कागद मात्र मामाचं खोटं धरून बसला होता.

भाच्याने मला कधी बोल लावला नाही. आज तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बरं चाललंय. फक्त पहाटे पळायचं त्याने सोडलं, ते सोडलंच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला. वर लिहिलंय तेच सगळं अडखळत सांगितलं. काका म्हणाले, "अरे, मला सकाळीच कळलं. तुझा भाचा पोराला घेऊन त्या दुकानदाराकडे गेला होता. आता वकिलाकडे बसलेत, समेटाचा अर्ज करायचा म्हणे. तूच पाठवलंस ना?"

नाही हो काका. मी नाही पाठवलं. हे एक मात्र मी कबूल करतो, पूर्ण विचार करून.